कुदळ खणकली की हात थांबवा

नांगरट, शेततळी, ठिबकच्या चाऱ्या आणि जुन्या धाब्याच्या घरांची पाडापाडी. खान्देशात ही सगळी कामं मृगाच्या आधीच्या दोन-तीन महिन्यांत उरकली जातात आणि ‘हे सापडलंय, आता काय करू?’ अशी पत्रंही याच दिवसांत येतात. त्यातले निवडक प्रश्न आणि जाणकारांनी दिलेली उत्तरं इथे देत आहोत.

केळीच्या पाइपलाइनची चारी खणताना अडीच फुटांवर मातीचं गाडगं फुटलं. आत हिरवी पडलेली तांब्याची नाणी आहेत, एकमेकांना चिकटून त्यांचं ढेकूळ झालंय. शेजारी म्हणतात, रात्रभर चिंचेच्या पाण्यात टाका, सकाळी लख्ख होतील. जेसीबी अजून बांधावर उभा आहे. आधी काय करावं? (चोपडा तालुका)

चिंच अजिबात नको. जेसीबीवाल्याला त्या जागेपासून लांब थांबायला सांगा. चारीचं बाकीचं काम दुसऱ्या टोकाकडून चालू ठेवता येईल.

गाडग्याचा जो भाग अजून जमिनीत आहे तो उपसू नका. ओलं भाजकं मडकं फार नाजूक असतं, काठाला धरून उचललं की काठ हातात येतो. आहे त्या अवस्थेत मोबाइलवर फोटो काढा. एक वरून, एक बाजूने, आणि एक असा की मागे विहीर, झाड किंवा खांब दिसेल. शेजारी पट्टी किंवा टेप ठेवा. जमिनीच्या पृष्ठभागापासून गाडग्याचा काठ किती खाली आहे आणि बूड किती खाली आहे, ही दोन्ही मापं सेंटिमीटरमध्ये लिहून ठेवा. मोबाइलच्या नकाशात त्या जागेवर बोट दाबून धरलं की अक्षांश-रेखांश दिसतात, तेही टिपा. मग वर गोणपाट टाकून थोडी मोकळी माती लोटा. उघडं पडलेलं मडकं आपल्या उन्हात तासाभरात तडकायला लागतं.

खापरं आणि नाणी बाहेर पडलीच असतील तर गाडग्यातली माती फेकू नका. ती एका पिशवीत, नाणी दुसऱ्या पिशवीत आणि खापरं तिसऱ्या पिशवीत ठेवा. प्रत्येकीत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी टाका, कारण बॉलपेनची शाई ओलाव्याने पसरते. चिकटलेली नाणी सुरीने सोडवायची नाहीत. ढेकळात नाणी कोणत्या क्रमाने बसली आहेत, मध्ये कापडाचा धागा किंवा सुतळीचा ठसा उरला आहे का, हे त्या हिरव्या थरातच जपलेलं असतं. नाण्यांभोवती कापडाची वीण तांब्याच्या गंजात उमटून शेकडो वर्षं टिकते. नाणी थैलीत बांधून गाडग्यात ठेवली होती की सुटी ओतली होती, हे त्या विणीवरून कळतं.

चिंच, लिंबू, ताक, राख, भांडी घासायची पूड हे सगळं का टाळायचं, तेही सांगतो. आंबट पदार्थ हिरवा थर विरघळवतो आणि नाण्यावरची अक्षरं बहुतेक वेळा त्या थरातच उरलेली असतात. खालचा धातू खड्डे पडलेला, गुळगुळीत आणि मुका असतो. शिवराई या जुन्या तांब्याच्या नाण्यावर ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ ही अक्षरं मुळातच उथळ. दुदांडी शिवराईवरच्या दोन आडव्या रेघा तर आणखी बारीक. चिंचेतून निघालेलं नाणं चकचकीत दिसतं, पण कोणाचं हे कोणाला सांगता येत नाही.

एक गोष्ट मात्र नीट पाहा. हिरवा रंग गडद, घट्ट, काचेसारखा असेल तर काळजी नाही. फिकट हिरवी, पिठासारखी भुकटी ठिपक्या-ठिपक्यांनी येत असेल आणि झटकली तरी पावसाळ्यात आठ-पंधरा दिवसांत परत येत असेल, तर तो ब्राँझचा रोग. मातीतल्या क्षाराने धातू आतून खाल्ला जातो. त्याला दमट हवा लागते, म्हणून उपाय कोरडेपणाचा. घट्ट झाकणाच्या एक लिटरच्या डब्यात साधारण शंभर ग्रॅम सिलिका जेल घाला, नाणी कागदात गुंडाळून ठेवा आणि जेलचा रंग बदलला की ते बदला. हवेतली आर्द्रता चाळीस टक्क्यांच्या खाली राहिली की रोग थांबतो. रोगट नाणं निरोगी नाण्यांच्या डब्यात ठेवू नका.

अडीच फुटांवर सापडलं म्हणजे ‘इतक्या शतकांपूर्वीचं’ असा हिशेब मांडू नका. आपली काळी माती उन्हाळ्यात हात जाईल इतकी भेगाळते, वरची वस्तू भेगेतून खाली जाते आणि पावसात माती फुगून तोंड मिटतं. नुसत्या खोलीवरून काळ ठरत नाही. भोवतालची माती कशी आहे, तिथे खड्डा खणल्याची रेघ दिसते का, शेजारी राख आहे का, यावरून ठरतो. म्हणून ती जागा न उकरता ठेवणं इतकं मोलाचं. १९७४ साली प्रवरेकाठच्या दायमाबादला झाडाचं खोड खणताना ब्राँझचा रथ, हत्ती, गेंडा आणि म्हैस अशा चार वस्तू निघाल्या. एकूण वजन साठ किलोच्या वर. ताम्रपाषाण काळातला, म्हणजे तांबं आणि दगड दोन्हींची हत्यारं वापरली जात त्या काळातला, भारतातला हा फार मोठा ठेवा मानला जातो. पण तो शास्त्रीय उत्खननातल्या थरातून निघालेला नव्हता, म्हणून त्याच्या काळाबद्दल अभ्यासक पुढे कितीतरी वर्षं वाद घालत राहिले.

आणि त्याच दिवशी गावच्या पोलीस पाटलाला किंवा तलाठ्याला कळवा. पुढचं कायद्याचं काम खालच्या प्रश्नात.

शेत माझं, बटाईने दुसऱ्याला दिलेलं. खणणारा जेसीबी तिसऱ्याचा. सापडलेल्या वस्तूवर हक्क कोणाचा? की सगळं सरकारजमा? (अमळनेर)

‘सगळं सरकारजमा होतं’ या भीतीने लोक वस्तू रातोरात विकून टाकतात. कायदा तसं म्हणत नाही.

भारतीय निखात निधी अधिनियम १८७८ सालचा आहे आणि आजही लागू आहे. जमिनीत किंवा जमिनीला पक्क्या जोडलेल्या वस्तूत लपवलेली कोणतीही मौल्यवान चीज म्हणजे निधी. म्हणजे घराची भिंत, जोतं, विहिरीचं बांधकामही त्यात आलं. दहा रुपयांपेक्षा जास्त मोलाचं काही सापडलं की सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. काय सापडलं, किती, कुठे आणि कोणत्या तारखेला, एवढं त्यात हवं. वस्तू जवळच्या सरकारी कोषागारात जमा करायची किंवा मागतील तेव्हा हजर करण्याची हमी द्यायची. अर्ज दोन प्रतींत करा आणि एका प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका. सातबारा आणि फोटो जोडा. वस्तू देताना पंचनाम्यात नग मोजून, वजन करून लिहून घ्या. ‘काही जुनी नाणी’ एवढंच लिहिलेल्या कागदावर सही करू नका.

त्यानंतर जिल्हाधिकारी जाहीर सूचना काढतात आणि हक्क सांगणाऱ्यांना तारीख देतात. ही तारीख सूचनेपासून चार महिन्यांच्या आत नसते आणि सहा महिन्यांच्या पुढे नसते. गेल्या शंभर वर्षांत आपण किंवा आपल्या पूर्वजाने ती वस्तू तिथे ठेवली, असं कोणी पुढे आलं तर त्याला दाव्यासाठी मुदत मिळते. तसं कोणी नसेल आणि निधी बेवारस ठरला, तर वाटणी होते. सापडणारा आणि जागामालक यांच्यात आधी काही करार नसेल आणि मालकीवर वाद नसेल, तर तीन चतुर्थांश सापडणाऱ्याला आणि एक चतुर्थांश जागामालकाला. हे वाचून अनेक शेतमालक चमकतात, पण कायद्यात तसंच आहे. सरकारला वस्तू ठेवून घ्यायची असेल तर त्यातल्या धातूची वगैरे जी किंमत होईल ती आणि त्यावर आणखी एक पंचमांश द्यावी लागते.

तुमच्या बाबतीत ‘सापडणारा’ कोण, यावरच भांडण होणार. ते बांधावर मिटवायला जाऊ नका. बटाईदार, जेसीबीचालक, मजूर, तुम्ही, जे हजर होते त्या सगळ्यांची नावं अर्जात लिहा आणि निर्णय चौकशीवर सोडा. लपवलं तर मात्र सापडणाऱ्याचा हिस्सा जातोच, शिवाय एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. लपवायला मदत करणाऱ्या जागामालकालाही सहा महिन्यांपर्यंतची शिक्षा आहे.

आजोबांचं जुनं घर पाडताना माजघराच्या भिंतीतल्या बुजवलेल्या कोनाड्यात पत्र्याचा डबा निघाला. त्यात साठ-सत्तर चांदीचे रुपये आहेत, राणीछाप आणि राजाछाप. खरे आहेत का, आणि सराफाकडे घासून घ्यावेत का? (धरणगाव)

घासून घेऊ नका. मोडीत काढायचे असतील तर घासा किंवा न घासा, वजन तेच भरतं. संग्राहकाला द्यायचे असतील तर घासलेल्या नाण्याची किंमत तिथेच उतरते.

खरेपणा घरी तपासता येतो. कलदार रुपयाचं वजन एक तोळा. हा जुना तोळा, ११.६६ ग्रॅमचा, सराफ बाजारातला हल्लीचा दहा ग्रॅमचा नव्हे. चांदी शेकडा ९१.७. वापराने झिजलेलं नाणं ११.४ ते ११.५ भरू शकतं. दशांशाचे दोन आकडे दाखवणारा काटा घ्या, त्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्य करा. नाणं बारीक दोऱ्याला बांधून पूर्ण बुडेल पण तळाला किंवा काचेला टेकणार नाही असं धरा. काटा साधारण १.१३ दाखवेल. हे नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. जर्मन सिल्व्हरच्या (चांदी नसलेल्या पांढऱ्या मिश्रधातूच्या) नकली नाण्याचं वजन बरोबर असलं तरी आकडा १.३५ च्या आसपास जातो. नाण्याला चिकटलेले बुडबुडे काडीने काढा, नाहीतर आकडा उगाच चढतो.

साल पाहायला विसरू नका. राणीच्या नावापुढे ‘क्वीन’ असेल तर १८७६ किंवा त्याआधीचं, ‘एम्प्रेस’ असेल तर १८७७ पासूनचं. १८६२ हे साल पुष्कळ नाण्यांवर सापडतं, कारण तेच साल ठेवून टांकसाळीने पुढची बारा वर्षं नाणी पाडली. राजाछापांत १९११ चं निघालं तर वेगळं काढा. त्यावर पंचम जॉर्जच्या झग्यावरचा हत्ती आखूड सोंडेमुळे डुकरासारखा दिसतो, अशी ओरड झाली आणि पुष्कळ नाणी परत घेऊन वितळवली गेली. १९४० पासूनच्या रुपयात चांदी निम्मीच आहे, त्याचा पाण्यातला आकडा १.२२ च्या जवळ येतो. ती खोटी म्हणून टाकू नका. १९४७ चा रुपया निकेलचा, तो लोहचुंबकाला चिकटतो.

धूळ काढायची तर डिस्टिल्ड पाण्यात बुडवून मऊ सुती कापडाने नुसती टिपून घ्या. काळा थर राहू द्या, तो धातूला जपतो. रबरबँड, वर्तमानपत्र, लोकरीचं कापड आणि पीव्हीसीचे मऊ पाऊच चांदीला बाधतात. रबर आणि लोकरीतल्या गंधकाने चांदी काळी पडते, पाऊच काही वर्षांनी चिकट हिरवट पाझरतो.

आणि तो डबा! तो फेकलात का? डब्यावरचं छापील नाव, आतला कागद, नाणी ज्या फडक्यात होती ते फडकं, यावरूनच ठरेल की डबा आजोबांनी ठेवला की त्यांच्याही आधीच्या कोणी. शंभर वर्षांच्या आतला घरचाच ठेवा आहे हे दाखवायला तुम्हाला तोच पुरावा लागणार आहे. सर्वांत नव्या नाण्याचं सालही लिहून ठेवा, डबा त्याच्या आधी बुजवलेला असूच शकत नाही. भावंडांपैकी कोणी नाणी वाटून घेण्याआधी सगळ्यांची एक यादी आणि दोन्ही बाजूंचे फोटो करा, आणि जिल्हाधिकाऱ्यांना कळवण्याचा अर्जही द्या. भिंतीतली वस्तूही त्या कायद्यात येते.

वाड्याच्या माळ्यावर लाल फडक्यात बांधलेलं मोडी कागदांचं दप्तर मिळालं. कडा वाळवीने खाल्ल्या आहेत, मधले कागद चिकटले आहेत. उन्हात घालू का? लॅमिनेशन करून घेऊ का? (एरंडोल)

दोन्ही नको. उन्हाने कागद कडक होऊन घडीवर मोडतो आणि लॅमिनेशन पुन्हा काढता येत नाही. चिकटपट्टीही लावू नका, तिचा डिंक पिवळा पडून अक्षरांत शिरतो.

मोडी कागदांची शाई काजळीची. ती उजेडाने सहसा फिकी होत नाही, पण ती कागदावर डिंकाने बसलेली असते. पाणी लागलं की पसरते. म्हणून चिकटलेले कागद वाफेने किंवा ओल्या कपड्याने सोडवायचे नाहीत. सावलीत, पंखा थेट नसलेल्या खोलीत दप्तर आठवडाभर सुटं ठेवा. जे आपोआप सुटतील तेवढे सोडवा, बाकीचे तसेच ठेवा. बुरशीची पांढरी-हिरवी लव असेल तर घराबाहेर, मास्क लावून, मऊ रंगाच्या ब्रशने एकाच दिशेने झटका.

कसर आणि वाळवी जिवंत असेल तर डीप फ्रीझर उपयोगी पडतो. दप्तर कोरडं झाल्यावर दोन प्लास्टिक पिशव्यांत हवा काढून बंद करायचं आणि उणे अठरा अंशांत दोन आठवडे ठेवायचं. बाहेर काढल्यावर पूर्ण एक दिवस पिशवी उघडायची नाही, नाहीतर गार कागदावर दव धरतं. नंतर कायमचं प्लास्टिकमध्ये ठेवू नका. दोनदा धुऊन खळ घालवलेल्या सुती मांजरपाटात बांधा. कापडाची खळ हे कसरीचं आवडतं खाणं आहे, नव्या कोऱ्या कापडात बांधलेली दप्तरं त्यामुळेच लवकर पोखरली जातात.

ज्या क्रमाने कागद बांधले होते तो मोडू नका. फोटो काढताना दिवा बाजूने धरा आणि क्रमांक कागदावर न घालता वेष्टनावर घाला. पत्राच्या सुरुवातीला किंवा शेवटी तारीख अरबी शब्दांत असेल, तर ती अशी सोडवा. समजा, ‘इसन्ने सबैन मया व अलफ’ असं आहे. इसन्ने दोन, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार. बेरीज ११७२. हा शुहूर सन. त्यात ५९९ मिळवा, इ.स. १७७१ येतं. हे साल मृगाला सुरू होतं, म्हणून जानेवारी ते मे या काळातल्या पत्राला ६०० मिळवायचे. पहिल्या दिवशी एवढं एक साल जरी लागलं तरी दप्तर पेशवाईतलं की इंग्रजी अमलातलं, हे कळतं.

मोडी वाचून घ्यायला धुळ्याला जा. इतिहासाचार्य राजवाडे यांनी अखेरचे दिवस धुळ्यात काढले आणि त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ तिथे १९२७ पासून आहे. मूळ कागद द्यायची इच्छा नसेल तर फोटो घेऊन जा. सनद, इनाम, वतनाचे कागद लोक जपतात आणि किराणा-हिशेबाचे खर्डे बंबात घालतात. तसं करू नका. ज्वारीचा भाव, मजुरी, कापसाची उचल, कोणत्या बाजारला कोण गेलं, हे त्या खर्ड्यांशिवाय दुसरीकडे कुठेच लिहिलेलं नसतं.

अंगणात ट्रॅक्टरचं चाक खचलं आणि खाली पेव निघालं. आत खोल अंधार आहे. मुलं उतरून पाहू म्हणतात. (जामनेर)

उतरू देऊ नका. या अंकातलं हे सर्वांत तातडीचं उत्तर आहे.

बंद पेवातलं उरलंसुरलं धान्य, भुसा आणि बुरशी हवेतला ऑक्सिजन संपवतात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. तो हवेच्या दीडपट जड, त्यामुळे तोंड उघडलं तरी तळाशी साचून राहतो. त्याला वास नाही, रंग नाही. उतरणारा दोन-चार श्वासांत कोसळतो, त्याला काढायला उतरलेला दुसराही तिथेच पडतो. बाहेरच्या हवेत ऑक्सिजन शेकडा २०.९ असतो, १९.५ च्या खाली तो धोक्याचा. दोरीने कंदील सोडून पाहायची जुनी रीत अर्धीच उपयोगाची. कंदील विझला तर नक्की धोका आहे, पण जळत राहिला म्हणजे धोका नाही, असं नाही. विषारी वायूत दिवा जळत राहू शकतो.

तोंडापासून किमान दहा फुटांवर दोरी बांधून कोणालाही जवळ येऊ देऊ नका. पेवाचं पोट तोंडापेक्षा खूप रुंद असतं, तुम्ही कडेला उभे असता तेव्हा पायाखाली पोकळी असते. आत बघायचं तर लांब काठीला मोबाइल बांधून टॉर्च लावून व्हिडिओ घ्या. कोणी पडलंच तर उडी न घेता ११२ लावा.

बुजवण्याआधी तोंडाची रुंदी, खोली, आतला शेणामातीचा गिलावा आणि तळाशी उरलेलं काही असेल तर त्याचे फोटो घ्या. जळके दाणे निघाले तर मूठभर कागदी पाकिटात ठेवा. कोळसा झालेलं धान्य किडत नाही आणि त्यावरून काळ काढता येतो. न जळलेलं जुनं धान्य गुरांना घालू नका, त्यात बुरशीचं विष असतं. बुजवताना मुरूम वीत-वीतभर थरांनी घालून चोपा. एकदम ट्रॉली ओतली तर पहिल्या पावसात पुन्हा खचेल.

गढीची पांढरी माती शेतात टाकली. तिच्यात लाल खापरं येतात, काहींवर काळ्या रेघा. कोणी म्हणतं कचरा, कोणी म्हणतं जुनं. (शहादा)

जुनं असण्याचा संभव चांगलाच आहे. तापी, गोमाई, गिरणा, पांझरा या नद्यांच्या काठची पांढरी म्हणजे माणसांच्या वस्तीचे थर. राख, शेण, हाडं, पडलेल्या भिंती यामुळे तिच्यात स्फुरद भरपूर, म्हणून शेतकरी ती नेतात आणि टेकाड दरवर्षी कमी होतं. तुमच्याच भागातलं प्रकाशे १९५५ साली बी. के. थापर यांनी उत्खनन करून पाहिलं. गिरणाकाठचं बहाळही उत्खनित आहे. सावळद्याच्या नावाने तर एका संपूर्ण ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीला नाव मिळालं.

एक खापरी हातात घ्या. पातळ आहे का? नखाने टिचकी मारली तर धातूसारखी टण् वाजते का? बाहेरून नारिंगी-लाल, कोरडी, चकाकी नसलेली, आणि त्यावर काळ्या रंगात एकमेकींना छेदणाऱ्या तिरप्या रेघा किंवा चौकटी? मग ती ताम्रपाषाणयुगातल्याच जोर्वे संस्कृतीच्या पद्धतीची असू शकते, साधारण इ.स.पू. १४०० ते १००० मधली. तपकिरी, थोडी जाड, आणि नक्षीत बाण, हत्यारं किंवा प्राणी असतील तर सावळदा. तुटलेल्या कडेकडेही पाहा. आत राखाडी पट्टा आणि दोन्ही बाजूंना लाल, म्हणजे भट्टीतली आच पुरेशी पोहोचली नाही.

रंग असलेली खापरी घासू नका, रेघ निघून येऊ शकते. काठ, बूड, तोटी आणि नक्षीचे तुकडे ठेवा, पोटाचे सपाट तुकडे मोजून परत टाकले तरी चालतील. कोणत्या ट्रॉलीची माती गढीच्या कोणत्या बाजूने आली हे चालकाला आठवत असेल तोवर लिहून घ्या. आणि बारीक वस्तूंकडे लक्ष द्या. चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणे इथे अश्मयुगातले शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि रेघा कोरलेले तुकडे मिळाले आहेत. असं कवच मातीत दिसलं तर जुनी कवडी फुटली, असं वाटून सहज फेकलं जातं.

पण आता त्या गढीतून माती आणणं थांबवा. गावात ठराव करून पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाला कळवा. टेकाडाच्या कापलेल्या उभ्या कडेचे फोटो पाठवलेत तर त्यांना थर बसल्या जागी दिसतील.

परसात खड्डा खणताना नारळाएवढा लोखंडी गोळा मिळाला. (पारोळा)

किल्ल्याच्या आसपास असे गोळे मिळतात. भरीव गोळा निरुपद्रवी असतो, पण गोळ्याला भोक किंवा लाकडी-धातूची खुंटी असेल तर तो पोकळ, दारू भरलेला असू शकतो. हलवू नका, ठोकू नका, पाण्यात टाकू नका, ११२ वर कळवा. भरीव ठरला तरी गंज काढायला घासू नका. जमिनीतलं लोखंड पापुद्र्यांनी सुटतं आणि घासल्यावर चार दिवसांत गोळ्याचा आकारच जातो. सिलिका जेल घातलेल्या बंद बादलीत ठेवणं पुरे.

एक माणूस खोदकामात सापडलेली सोन्याची माळ स्वस्तात देतोय. एक मणी सराफाला दाखवला, तो खरा निघाला. शिवाय आमच्या शेतात गुप्तधन आहे असं एक बाबा सांगतो. (भुसावळ)

मणी खरा, माळ पितळेची. दाखवायचा मणी नेहमी वेगळाच असतो. पूर्ण माळेची पाण्यातली परीक्षा मागा. शंभर ग्रॅम बावीस कॅरेट सोनं सुमारे साडेपाच ग्रॅम पाणी सारतं, तेवढीच पितळ जवळजवळ बारा. परीक्षेला नकार मिळाला की पोलिसांना कळवा.

बाबाला हाकला. गुप्तधनासाठी अघोरी विधी करणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, शिक्षा सहा महिने ते सात वर्षं.

विहिरीचा गाळ काढताना काळ्या दगडाची मूर्ती निघाली. एक हात तुटलेला आहे. गावात दोन मतं आहेत: शेंदूर लावून पारावर बसवावी, किंवा खंडित म्हणून तापीत सोडावी. (साक्री तालुका)

गावाची श्रद्धा खरी आहे, ती दुखावण्याचं कारण नाही. पण या दोन्ही गोष्टी केल्या तर मूर्ती हातची जाते. नदीत सोडलेली मूर्ती वाळूखाली जाते किंवा चोराच्या हाती लागते. शेंदूर आणि तेलाचे थर पाच-दहा वर्षांत बोटभर जाड होतात. त्यांच्याखाली आयुधं, दागिने, कधीकधी पायथ्याची ओळही बुजते, आणि ते काढताना दगडाची कातडी निघते.

मूर्ती ओली आहे, ती सावलीत, लाकडी फळीवर, गोणपाट झाकून आठ-दहा दिवस हळूहळू सुकू द्या. गाळ ओला असतानाच मऊ ब्रश आणि साध्या पाण्याने काढा, वाळल्यावर तो सिमेंटसारखा बसतो. तारेचा ब्रश, ॲसिड, दूध, दही काही नको. तुटलेला हात गाळातच असेल. गाळाचा ढीग कुठे टाकलाय तिथे चाळणी लावा आणि मिळाला तर चिकटवू नका, कापडात गुंडाळून सोबत ठेवा.

ही खरंच मूर्ती आहे की वीरगळ, तेही पाहा. तीन-चार आडवे कप्पे असतील, खालच्यात लढाई किंवा आडवा पडलेला वीर, मधल्यात त्याला नेणाऱ्या अप्सरा, वरच्यात शिवलिंगाची पूजा आणि टोकाला चंद्र-सूर्य असेल तर ती वीरगळ. कोपरात वाकलेला, बांगड्या घातलेला एकच हात असेल तर सतीशिळा. मग हात तुटलेला नाही, तो तसाच घडवलेला आहे. अक्षरांची शंका आली तर त्यात खडू, पीठ किंवा तेल भरू नका. रात्री दिवा दगडाला जवळजवळ चिकटवून बाजूने उजेड टाका, पुसट कोरीवही सावल्यांनी उठून दिसतं, तेव्हा फोटो घ्या. चाळीसगावजवळच्या त्याच पाटण्याच्या देवळातला भास्कराचार्यांच्या घराण्याची माहिती देणारा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला, तो अक्षरं वाचण्याजोगी राहिली होती म्हणून.

शंभर वर्षांपेक्षा जुनी दगडी मूर्ती १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली नोंदवावी लागते, आणि विहिरीत मिळालेली असल्याने जिल्हाधिकाऱ्यांना आधी कळवावं लागतं. ग्रामपंचायतीने अर्ज करताना मूर्तीची उंची, रुंदी, जाडी, तुटका भाग आणि चारही बाजूंचे फोटो जोडावेत. मूर्ती गावातच राहावी अशी विनंती त्याच अर्जात स्पष्ट लिहा. उत्तर येईपर्यंत ती कुलपाच्या खोलीत ठेवा. दर्शनाला दार उघडा, पण फुलं आणि हळद-कुंकू समोरच्या पाटावर वाहू द्या, दगडावर नको.